या वयात एवढे पैसे कानात घालायचे?

सामान्य काळातील सतरावा रविवार, वर्ष अ



काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या मिस्सेनंतर मी सक्रिस्तीत मिस्सेची वस्त्रे उतरवत होतो. आपल्या धर्मग्रामातील एक काका दारात येऊन उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद. मला वाटले, मिस्सेचे इंटेन्शन लिहून आणले असेल. कागद उघडला तर ते कानाच्या मशीनचे कोटेशन होते. दोन्ही कानांचे मिळून ९०,००० रुपये.

"फादर, तुम्हीच सांगा. माझे वय बहात्तर. या वयात एवढे पैसे कानात घालायचे?"

मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना ऐकू गेले नाही. पुन्हा मोठ्याने बोललो, तेव्हा वेदीसेवक मुले वळून पाहू लागली आणि काका ओशाळले. शेवटी मी त्याच कागदाच्या पाठीवर लिहून दिले : "गुरुवारी संध्याकाळी घरी येतो." त्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. नाव सांगणार नाही आणि तुम्हीही शोधू नका.

खरे सांगायचे तर मला आनंद झाला. या चर्चच्या आवारात मी अनेक गाड्यांवर पवित्र पाणी शिंपडले आहे. हार घातलेली नवी कोरी गाडी येते, मुले मागच्या सीटवर उड्या मारत असतात, पेढ्यांचा बॉक्स निघतो. आशीर्वाद द्यायला मला आवडते. पण गाडी घेण्याआधी कोणी विचारायला आलेले मला आठवत नाही. खरेदी आपली आणि आशीर्वाद तेवढा देवाचा, अशी आपण कामाची वाटणी करून टाकली आहे. काकांनी मात्र पैसे देण्याआधी विचारले.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका खरेदीचीच गोष्ट सांगतो. एक व्यापारी चांगल्या मोत्यांच्या शोधात फिरतो आहे. त्याला एक अतिशय मोलवान मोती दिसतो. तो जातो, आपले सगळे विकतो आणि तो मोती विकत घेतो. आम्ही धर्मगुरू हा दाखला घाईघाईने स्वर्गात नेऊन पोहोचवतो. मोती म्हणजे देवाचे राज्य, हे खरेच आहे. पण येशूने ते सांगण्यासाठी बाजारातला माणूस निवडला, आणि एवढी महागडी वस्तू घेतली म्हणून त्याला बोल लावला नाही. उलट, हा माणूस शहाणा आहे असेच त्या दाखल्यातून दिसते.

त्याचे शहाणपण कशात आहे? एक तर त्याला मोती कळतात. तो सहज चालता चालता भुललेला नाही, त्याच्या धंद्याचीच ती वस्तू आहे. दुसरे म्हणजे, मोत्यासाठी काय सोडावे लागेल हे त्याला घेण्याआधी माहीत आहे. आधी विकतो, मग घेतो. आपण बहुधा उलटे करतो. आधी घेतो, आणि त्यासाठी काय विकले गेले ते पुढे हप्ते फेडताना हळूहळू कळत जाते. ओव्हरटाइमपायी गेलेली जपमाळ, पुढे ढकललेले मुलीचे शिक्षण, नवराबायकोतला अबोला, यांतले काहीही कोटेशनमध्ये छापलेले नसते.

गुरुवारी मी काकांच्या घरी गेलो. मुलगा आणि सून कामावरून यायचे होते. काकींनी चहा ठेवला. काकांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बँकेची पावती काढली. एक लाखाची मुदत ठेव. आयुष्यभर मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काम केले, तिथेच कान गेले, आणि तिथल्याच फंडातून ही रक्कम उरली. मी विचारले (म्हणजे वहीवर लिहिले), "हे पैसे कशासाठी ठेवले आहेत?"

"माझ्या मयतीसाठी," काका म्हणाले. "पेटी, बँड, महिन्याची मिस्सा, जेवण. पोरावर भार नको."

वसईच्या आपल्या माणसाला हे पटकन समजेल. आपले वाडवडील असेच राहिले. मरणाचा खर्च बाजूला ठेवून मग जगायचे. त्यात स्वाभिमान आहे, मी त्याला हसणार नाही. पण तेवढ्यात काकांची सहा वर्षांची नात शाळेचे चित्र घेऊन आली. चित्र आजोबांना दाखवले, काहीतरी सांगितले. काका म्हणाले, "काय?" तिने पुन्हा सांगितले. काका पुन्हा म्हणाले, "काय?" ती म्हणाली, "काही नाही," आणि आत निघून गेली.

काका मला म्हणाले, "फादर, हेच. रोज हेच होते. आता ती मला काही सांगायलाच येत नाही. आज तुम्ही आहात म्हणून आली."

मग काकी, ज्या इतका वेळ गप्प होत्या, वहीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "लिहा त्यांना. म्हणावे, मयतीच्या दिवशी बँड लावून काय उपयोग, तुम्हाला ऐकू येणार आहे का?" मी ते जसेच्या तसे लिहिले. काका वाचून हसले, पण लगेच उत्तर दिले नाही.

आता एक गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय हे सगळे उपदेशासारखे होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक मावशी असाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येत होते. डॉक्टरांनी मशीन सुचवले होते आणि किंमत त्या काळाच्या मानाने बरीच होती. मी तरुण होतो, उत्तरे तयार असायची. मी म्हणालो, "मावशी, या वयात कशाला एवढा खर्च? देव काय, मनातलेही ऐकतो." मला माझे उत्तर आवडलेही होते. मावशींनी ते ऐकले, कारण ते फादरांनी सांगितले होते.

त्यांनी जाहिरातीतले एक स्वस्त यंत्र मागवले. ते सगळेच आवाज सारखे मोठे करायचे. भांड्यांचा आवाज, रिक्षाचा हॉर्न, बाकावर पडलेले पुस्तक, सगळे डोक्यात घणासारखे. माणसाचा शब्द मात्र होता तिथेच. आठवड्याभरात ते यंत्र ड्रॉवरमध्ये गेले. पुढे मावशी महिला मंडळाच्या सभेला येईनाशा झाल्या. मग कुमसारला येईनाशा झाल्या. मी समजलो, वय झाले. एकदा आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला त्यांच्या वाडीत गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितले. कुमसाराच्या वेळी मी मोठ्याने बोलायचो तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जायचे. आणि मी हळू बोललो तर पापक्षमेचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचायचेच नाहीत. "फादर, क्षमा मिळाली की नाही ते कळायचे नाही," त्या म्हणाल्या. "मिस्सेत लोक हसले की मीही हसायची. कशाला हसले ते माहीत नसायचे."

देव मनातले ऐकतो, हे मी त्यांना सांगितले होते. पण देवाचे मावशींना ऐकू यायला नको होते का? तो अर्धा भाग माझ्या लक्षातच आला नाही. मावशी गेल्या तेव्हा त्यांच्या मयतीला चर्च भरले होते. मी प्रवचन केले. लोक म्हणाले, छान झाले.

म्हणून आजचे पहिले वाचन माझ्यासाठी जड आहे. देव स्वप्नात शलमोन राजाला म्हणतो, काय हवे ते माग. तो दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचा जीव मागत नाही. तो बरेवाईट ओळखण्याची बुद्धी मागतो, असे आपण वाचतो. मूळ हिब्रू भाषेत जे शब्द आहेत त्यांचा सरळ अर्थ होतो 'ऐकणारे हृदय'. राजाला बोलणारे पुष्कळ असतात आणि त्याला स्वतःलाही पुष्कळ बोलायचे असते. शलमोनाने ऐकण्याची शक्ती मागितली, आणि ते मागणे देवाला आवडले. संत पौल रोमकरांना लिहितो की विश्वास ऐकण्याने येतो. आणि आपल्या स्नानसंस्काराच्या विधीत बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करून एक प्रार्थना म्हटली जाते. तिचे नाव येशूच्या तोंडच्या शब्दावरून पडले आहे : एफ्फाथा, म्हणजे मोकळा हो.

मार्कच्या शुभवर्तमानातली ती घटना आठवा. बहिऱ्या माणसाला लोक येशूकडे घेऊन येतात. येशू सर्वांत आधी काय करतो? त्याला गर्दीपासून बाजूला नेतो. हे वाक्य मी कितीतरी वर्षे नुसते वाचत होतो. मावशींनंतर मला ते कळले. कमी ऐकू येणाऱ्याचा खरा छळ गर्दीतच होतो. लग्नाच्या मंडपात, चर्चच्या पायऱ्यांवर, सणाच्या जेवणात. एकट्याशी समोर तोंड करून बोलले तर त्याला पुष्कळ समजते. येशूला ते ठाऊक होते. मग तो त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर पाहून उसासा टाकतो. देवाच्या पुत्रानेही त्या कानांसाठी एवढे केले. तेव्हा कान ही म्हातारपणी सोडून देण्याची चैनीची वस्तू आहे, असे मी यापुढे कोणाला सांगणार नाही.

पण याचा अर्थ कोटेशन आले की डोळे मिटून सही करायची, असा नाही. येशू स्वतः हिशेबी आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो विचारतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा अंदाज कोण घेणार नाही? 'बसून' हा शब्द मला आवडतो. दुकानात उभ्याने नाही, सेल्समन फोनवर असताना नाही. त्याच अध्यायात आणखी एक गिऱ्हाईक आहे. त्याने बैलांच्या पाच जोड्या विकत घेतल्या आणि आता त्या जोखायला चालला आहे, म्हणून मेजवानीला येत नाही. आपल्या शेतकऱ्यांना हे ऐकून हसू येईल. दहा बैल घेतले आणि जोखायचे नंतर!

तर काका, काकी आणि मी बसलो. सात वाजता मुलगा-सून आली, तीही बसली.

आधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी. कधी कधी कानात नुसता मळ साठलेला असतो, आणि तो काढला की अर्धे काम होते. काकांचे ते झाले होते. मग ऑडिओलॉजिस्टकडून ऐकण्याचा आलेख, ऑडिओग्राम. तो कोटेशनला जोडलेला होता. त्यात दिसत होते की काकांना जाड आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात, बारीक आवाज येत नाहीत. प्रेसच्या गोंगाटाने असे होते. म्हणून मुलगा काही बोलला तर थोडेफार समजते, आणि नातीचा नाजूक आवाज व 'स', 'फ', 'त' अशी अक्षरे हरवतात. नात 'काही नाही' का म्हणते याचे कारण त्या कागदावर रेघांनी काढलेले होते. सूनबाई तो कागद बराच वेळ पाहत राहिली. चांगले मशीन या आलेखाप्रमाणे बसवून घेता येते, जिथे कमी तिथेच आवाज वाढवते. मावशींचे यंत्र हे करू शकत नव्हते. पैशातला मुख्य फरक इथे आहे. बाकी मोबाइलला जोडणे, रिमोट, आणखी चार सोयी, यांची किंमत वेगळी असते. काकांना त्या नको होत्या. मुलाने दुकानात विचारून त्याखालचे मॉडेल बघायचे ठरवले.

दोन कानांना दोन हवीत की एक चालेल? एकाने खर्च निम्मा होतो. पण आवाज कोणत्या बाजूने येतो हे दोन्ही कानांनी कळते, आणि काका रोज सायकलवरून बाजारात जातात. त्यावर वाद झाला नाही.

मग मुलाने मोबाइलवर हिशेब केला. मशीन पाच वर्षे टिकले असे धरले तर ९०,००० रुपयांचे दिवसाला साधारण ५० रुपये पडतात. त्यावर बॅटरी, साफसफाई, दुरुस्ती वेगळी. पन्नास रुपये म्हटल्यावर काकांना ते स्वस्त वाटू लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवले. असे तुकडे करून कोणतीही वस्तू स्वस्त दाखवता येते, हप्त्यावर विकणारे हेच करतात. ९०,००० म्हणजे ९०,०००च. तुमच्या मयतीच्या ठेवीतून फक्त दहा हजार उरतील. ते चालेल का, हा प्रश्न आहे.

ज्यांच्याकडे अशी ठेव नाही त्यांनीही हे वाचून कागद मिटू नये. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. वाचा आणि श्रवण यांच्या अडचणींसाठी १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था. तिथे तपासणी होते, आणि नियमांत बसणाऱ्या गरजूंना सरकारी योजनेतून यंत्रही मिळते. जाण्यायेण्याची सोबत हवी असेल तर आपल्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कोणालाही गाठा. गुपचूप सांगितले तरी चालेल.

विन्सेंट डी पॉलचे नाव निघाले म्हणून दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर महागड्या खरेदीला फादरांनी परवानगी दिली असे सोमवारी सकाळी गावभर होईल. २०२५ साली ७ सप्टेंबरला पोप लिओ चौदावे यांनी रोममध्ये पिएर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संत म्हणून घोषित केले. योगायोग असा की त्या रविवारी जगभरच्या चर्चमध्ये लूकचे तेच बुरुजाचे शुभवर्तमान वाचले गेले. हा इटलीतल्या तुरीनचा मुलगा. वडील वर्तमानपत्राचे मालक आणि जर्मनीतले राजदूत. घरात कशाला कमी नव्हते. तो याच विन्सेंट डी पॉल सोसायटीचा सदस्य होता आणि तुरीनच्या गरीब वस्त्यांत औषधे, कपडे घेऊन फिरायचा. त्याची अशी गोष्ट सांगतात की शिक्षणाच्या शेवटी वडिलांनी त्याला विचारले, मोटार हवी की तेवढे पैसे? त्याने पैसे घेतले आणि वाटून टाकले. १९२५ साली ४ जुलैला, चोवीस वर्षांचा असताना, तो पोलिओने गेला. त्याच्या अंत्ययात्रेला तुरीनचे गरीब लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले, आणि आपला मुलगा काय करत होता ते घरच्यांना तेव्हा कळले.

मोटार वाईट आहे म्हणून फ्रासातीने नाकारली नाही. ज्या गल्ल्यांत त्याची माणसे होती तिथे तो पायीच पोहोचत होता. त्याच्या बाबतीत मोटार त्याला माणसांपासून लांब नेणारी होती. काकांचे मशीन त्यांना माणसांजवळ आणणारे आहे. म्हणून एकाचे 'नको' आणि दुसऱ्याचे 'हवे' ही दोन्ही उत्तरे मला एकाच शुभवर्तमानातली वाटतात. आता तुमच्या अंगणात येऊ घातलेली गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे मला चर्चमध्ये बसून कळणार नाही. रात्री-अपरात्री डायलिसिसच्या आईला घेऊन जाणारी असेल, किंवा शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा एक वीत लांब असावी म्हणून घेतलेली असेल.

एक काळजी मात्र घ्या. बेथानीत मरियेने येशूच्या पायांवर सुगंधी तेल ओतले. त्याची किंमत तीनशे दिनार होती, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. तेव्हा 'हे विकून गरिबांना का दिले नाही?' असे विचारणारा यहूदा होता, आणि योहान सरळ लिहितो की त्याला गरिबांची पर्वा नव्हती, थैली त्याच्या हातात होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसावर खर्च करायची वेळ आली की अचानक सगळ्यांना काटकसर आठवते. तेव्हा थैली कोणाच्या हातात आहे ते पाहावे. काकांचा मुलगा यातला नाही, तो पहिल्या दिवसापासून 'घ्या' म्हणत होता. पण काही घरांत मी वेगळेही ऐकले आहे.

राहिला वयाचा प्रश्न. बहात्तर म्हणजे आता किती दिवस वापरणार, हा काकांचा शेवटचा अडसर. त्यांना मी यिर्मयाची गोष्ट लिहून दाखवली. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला, नगर आज ना उद्या पडणार, स्वतः यिर्मया कैदेत. अशा वेळी त्याने अनाथोथ गावचे शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले, साक्षीदार बोलावले, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. बाजारभावाने पाहिले तर याहून वेडा व्यवहार नाही. पण या देशात पुन्हा घरे आणि शेते घेतली जातील, असा देवाचा शब्द त्याच्याकडे होता. काका म्हणाले, "ते संदेष्टे होते, फादर. मी प्रेसवाला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सतरा शेकेल म्हणजे किती रुपये?" मला सांगता आले नाही.

त्या रात्री निर्णय झाला नाही. एवढेच ठरले की बैल आधी जोखायचे. दुकानदार पंधरा दिवस ट्रायलवर मशीन द्यायला तयार झाला. ऑडिओलॉजिस्टने सांगितले की पहिले काही दिवस त्रास होईल, स्वतःचे चावणेही मोठे ऐकू येईल, कानाला सवय व्हायला वेळ द्या. ठेव अजून मोडलेली नाही. मुदत पुढच्या शनिवारी संपते.

गेल्या रविवारी काका मशीन घालून पहिल्या मिस्सेला आले होते. नात शेजारी बसली होती आणि उपदेशाच्या वेळी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती, म्हणजे दोघेही माझे ऐकत नव्हते. मिस्सेनंतर काका सक्रिस्तीत आले. मी आनंदाने विचारले, "मग? कसे वाटले?" या वेळी लिहून नाही, तोंडाने विचारले.

"फादर," ते म्हणाले, "तो डावीकडचा तिसरा पंखा किती खडखडतो हो! इतकी वर्षे तुम्ही याच्यात बोलता?"

पंख्याची दुरुस्ती की नवीन पंखा, हा विषय येत्या मंगळवारी आर्थिक समितीच्या सभेत घेतला आहे.